दगडातले किडे

दुष्काळात मेंढरं विकून सखूबाई नवऱ्यासोबत वाळूजच्या कामगारवस्तीत राहायला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांची पोरगी ज्ञानेश्वरी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. एका दुपारी तिनं अभ्यासाला आणलेला दगड आईपुढं ठेवला. त्यात बोटाएवढे किडे एकमेकांवर रचल्यासारखे उमटले होते. सखूबाई दचकून मागं सरली.

"भिऊ नको, माय. समुद्रातले किडे हायेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेले. आता जगात एकबी उरला नाय."

"पर समदे एकाच जागी कसे मेले?"

"सर म्हणाले, समुद्राचं पाणी आटत गेलं. मधी एक खोल डबकं तेवढं राहिलं. मग चहूकडचे किडे तिथं गोळा झाले, अन् शेवटी तेबी आटलं."

सखूबाई उठून दारात गेली. समोर नव्या खोल्यांचं बांधकाम चालू होतं आणि टँकरपुढं घागरींची लांब रांग लागली होती. चौकट घट्ट धरून ती रांगेतला एकेक चेहरा न्याहाळत राहिली.

"अजून किड्यांचंच भ्या वाटतंय व्हय, माय?"

 

"ज्ञाने, या रांगेतली निम्मी माणसं आपल्याच गावची हायेत गं."