फिकट हिरवा

तिसऱ्या दुकानात शिरेपर्यंत शैलजाबाईंचे पाय भरून आले होते. घरच्या मोतिया भिंतींना शोभेल असा फिकट हिरवा सोफा त्यांना आवडला. त्यांचे यजमान मधुकरराव मात्र पुन्हा गडद तपकिरी सोफ्यापाशीच उभे राहिले.

“अहो, हॉल अंधारा दिसेल त्याने,” त्या थकून म्हणाल्या.

मधुकररावांनी थरथरता हात खिशात घातला. “माझ्या हातून चहा सांडतो. फिकट रंगावर डाग दिसतील. तू किती पुसत बसशील?”

पुसून पुसून त्या खरंच दमल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विक्रेत्याला विचारलं, “हिरव्याचं कव्हर काढून धुता येतं?”

“येतं की.”

“मग तोच द्या.” त्या यजमानांकडे वळल्या. “सांडला तर सांडू दे. पण उद्यापासून चहा माझ्याशेजारी बसून प्यायचा. स्वयंपाकघरात एकट्याने, उभ्याने नाही.”