मधली जागा

"बाबा, काय अवतार करून ठेवलाय हा कॉम्प्युटरचा!"

प्रियदर्शनी आयटीतली. बिबवेवाडीला माहेरी आली, की बॅग खाली ठेवायच्या आत वडिलांचा कॉम्प्युटर उघडायची तिला भारी खोड. आज तर तिला बघवेना. काळाकुट्ट पडदा, त्यावर पिवळी ढब्बू अक्षरं, माउसचा बाण हा एवढा थोरला. आयकॉन सगळे डाव्या कडेला कोंबलेले, टायपिंगची खिडकी उजव्या कोपऱ्यात आणि ऐन मधोमध ठणठणाट. रामदासराव आत चहा टाकत होते, तेवढ्यात बाईसाहेबांनी सगळं पांढरंशुभ्र, मधोमध, शिस्तीत लावून टाकलं.

रामदासराव येऊन बसले. निवृत्तीनंतर ते एका प्रकाशकाला पुस्तकं टाइप करून देत, आणि त्यांचा सगळा जीव त्या कामात. बाण इकडे गेला, तिकडे गेला. फाइल काही त्यांना सापडेना.

"छान केलंस. आता मला वापरता येईल असं कर."

"अहो, समोर तर आहे!"

"समोरचंच दिसत नाही मला. कडेचं दिसतं, मधलं गेलं. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचं नाही."

"आणि हे मला आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं, तर तू काम बंद करायला लावलं असतंस."

लावलंच असतं. गुपचूप तिने खुर्ची ओढली. ते सांगत गेले, ती पुन्हा तसं लावत गेली. व्हिडिओ नुसते कानांनी ऐकून शिकले होते म्हणे. बाण मोठा का, तर नजरेच्या कडेला हललेला कळतो. एक बटण दाबलं, की कॉम्प्युटर ओळ वाचून दाखवतो. म्हणजे चूक कानाला खुपते. एकही गोष्ट उगाच नव्हती. या माणसाने गेलेल्या नजरेला वळसा घालून रस्ता काढला होता, तोही एकट्याने. अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

"कमाल केलीत बाबा. खरंच कमाल!"

"मग? काम बंद?"

"छे! पुढचं पुस्तक कधी येतंय?"

रामदासरावांनी तोंड फिरवलं आणि ते भिंतीकडे बघत राहिले. प्रियदर्शनी चपापली.

"रागावलात?"

"नाही गं," ते म्हणाले. "तुला बघतोय."