सावली नसलेली मुलगी

चित्रातल्या दोघी बहिणींपैकी गेलेली कोणती, एवढंच पाटीवर लिहायचं राहिलं होतं. तसं त्या घरातल्याच नातीला ते ठाऊक होतं, लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण संग्रहालयाच्या साहेबांना ऐकीव गोष्टी चालत नसत.

ती तिथे कंत्राटावर होती. साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं: या चित्राचा अर्थ पक्का लागला तर चित्र मोठ्या दालनात आणि तू नोकरीत कायम, नाहीतर चित्र घरी, आणि तुझं पुढचं पुढे बघू. त्यात चित्र तिच्या आजीच्याच माहेरचं. घरचंच कौतुक चाललंय, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. म्हणून पुरावा हवा होता, आणि तोही चित्रातलाच.

चित्र तसं साधं. एक मुलगी खुर्चीत बसलेली, दुसरी शेजारी उभी. दोघींत जेमतेम दीड वर्षाचं अंतर, आणि चेहरे इतके सारखे की घरच्यांनीही फसावं. बसलेलीच्या केसांत रिबीन आणि अंगावर फुलाफुलांचा झगा. ही धाकटी. उभी आहे तिचे कपडे काळपट, गळा मोकळा. ही थोरली. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि चौदाव्यात नवरा गेला. अशा मुलीला पुन्हा लग्न नाही, रंग नाही, मोठ्याने हसणं नाही, असा तो काळ. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, पण लक्ष मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवलं.

त्याच वर्षी तापाची साथ आली. ‘थोरली सुटली बिचारी,’ असं घरात सगळे म्हणत आले. आईने दोघींचं हे चित्र काढून घेतलं आणि ती उरलेल्या मुलीला घेऊन मामाच्या गावी गेली. तिथे मुलीचं यथासांग लग्न झालं, पोरंबाळं झाली. तीच ही नातीची आजी.

नातीने त्या चित्रकाराची मिळतील तेवढी चित्रं पालथी घातली होती आणि त्यातून तिला एक रीत सापडली होती. जिवंत माणसाला तो समोर बसवून काढायचा आणि त्याच्या पायाशी सावली टाकायचा. गेलेलं माणूस फोटोवरून काढायचा, आणि त्याला सावली द्यायचा नाही. ही खूण तेव्हा सगळ्यांना माहीत होती. बैठकीच्या खोलीत पाहुणा शिरला की आधी भिंतीकडे बघायचा आणि मग आपोआप आवाज खाली करायचा. कुणाला काही विचारावं लागत नसे.

या चित्रात खुर्चीतल्या मुलीच्या पायाशी ठसठशीत सावली होती. उभ्या मुलीला सावली नव्हती. झालं की काम! नातीला तर त्या दिवशी जेवण जास्तच गोड लागलं.

पण साहेब म्हणजे साहेब. दुधात पाणी शोधायची त्यांची सवय. त्यांनी चित्रापुढे उभं राहून विचारलं की फोटोवरून काढलेली माणसं ताठ दिसतात, मग ही उभी असलेली इतकी जिवंत कशी? एक टाचही किंचित उचललेली. आणि बसलेली, जी समोर बसली होती म्हणतेस, तीच लाकडासारखी का? नातीकडे उत्तर तयार होतं. उचललेली टाच म्हणजे निघालेली मुलगी, या जगाची जमीन सुटत चाललेली. आणि धाकटी दुःखाने थिजलेली. साहेब म्हणाले, लेख झकास आहे, पण शोधायचंच ठरवलं की काहीही सापडतं. विचारायला घरात कुणी नाही का?

आजी होती की. पण या चित्राचं नाव काढलं की तिला ऐकूच यायचं नाही. एरवी शेजारच्या घरातलं भांडण शब्द न शब्द ऐकणारी बाई! नातीने शेवटी हट्टच धरला आणि तिला गाडीत घालून संग्रहालयात आणलं.

दालनात दोघीच होत्या. नातीने सगळं समजावून सांगितलं. सावलीची रीत, टाच, थिजलेली धाकटी. आजीने ते ऐकून घेतलं. मग तिने भलतंच विचारलं.

“थोरलीच्या सासरचं कुणी उरलंय का गं आता?”

“कुणी नाही. मी शोधलं होतं. ते घराणंच संपलं.”

“नक्की?”

“नक्की, आजी. पण त्यांचं काय आता?”

आजीने चष्मा पुसला, पुन्हा लावला. नातीला वाटलं, म्हातारीला बहीण आठवली. आपण उगाच हिला इथवर ओढत आणलं, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला. नोकरी काय, दुसरी मिळाली असती.

“म्हणजे हे बघून अजूनही सगळ्यांना कळतं, कोण गेली ते?” आजीने विचारलं.

“लगेच कळतं.”

“आई जिंकली म्हणायची.” आजी काठी टेकत चित्राच्या अगदी जवळ गेली आणि तिने उभ्या मुलीच्या उचललेल्या टाचेकडे बोट केलं. “निघालेली-बिघालेली नाही गं ही. उभं राहून राहून मुंग्या आल्या होत्या माझ्या पायाला. आणि आई दारातून चित्रकाराला बजावत होती, हिची सावली तेवढी काढू नका.”