म्हाताऱ्याचं कुलूप

राखणदाराच्या बायकोने आपल्या कपाटाची किल्ली प्रार्थनामंदिराच्या दाराला लावून दाखवली. दार उघडलं. मग पाळकाने स्वतःच्या ट्रंकेची किल्ली लावली. त्या किल्लीनेही उघडलं.

"म्हाताऱ्याची अब्रू गेली म्हणायची," कुलूपवाला म्हणाला आणि हत्यारांची पेटी पायरीवर आपटली. कुलूप त्याच्या वडिलांच्या हातचं होतं. एकोणीस वर्षांत तो या दाराच्या आत गेला नव्हता. आजही कामाचा निरोप होता म्हणूनच आला. पाळक नवा माणूस. कधी रविवारीही या, असं सहज म्हणाला. कुलूपवाल्याने सुनावलं, की पापी माणसाला दार दुरुस्त करायला बोलवावं, प्रार्थनेला नाही.

"पापी नसलेला कारागीर शोधत बसलो, तर दार तसंच राहील," पाळक म्हणाला.

कुलूपवाल्याने हसू मिशीत दाबलं आणि स्क्रू काढायला घेतले.

विशीत असताना त्याने हेच कुलूप एका तारेने उघडलं होतं. माझ्याशिवाय हे कुणाला उघडायचं नाही, असं वडील चारचौघांत म्हणाले होते. पोराला ते झोंबलं. त्याने उघडलं, आणि पुरावा म्हणून प्रभुभोजनाचा चांदीचा पेला उचलून आणला. सकाळी हसत परत द्यायचा, एवढाच बेत. सकाळी दारात सगळी मंडळी रडवेली होऊन उभी होती. हसायची सोय राहिली नाही. पेला माळ्यावर गेला.

त्याच दुपारी वडिलांना कुलूप बघायला बोलावलं. दारावर ओरखडासुद्धा नव्हता. असं कुलूप उघडणारे हात कुणाचे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. घरी येऊन "काम झालं" एवढंच ते म्हणाले. पोराने ताडलं, कुलूप अधिक पक्कं करायला आत आणखी पट्ट्या चढवल्या असणार. पुढे दोनदा तो पेला पिशवीत घालून या दारापर्यंत आला आणि कुलूप बघून परत फिरला.

म्हाताऱ्याने मरेपर्यंत चोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त जेवताना अधूनमधून म्हणायचा, "कुलूप दिसलं म्हणून माणसाने परत फिरू नये. हाताशी असेल ती किल्ली लावून बघावी." टोमणाच तो. त्याने पोराची मान ताठ झाली ती झालीच. माफी मागायची नाही, ना बापाची, ना बापाच्या देवाची. चार वर्षांपूर्वी बापाला पुरलं, तेव्हाही तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

झाकण निघालं. आत पाच पितळी पट्ट्या असायला हव्या होत्या. किल्लीचे दाते त्यांच्याशी जुळले, तरच हे कुलूप फिरतं. पट्टी एकही नव्हती. झिजून गळलेल्या नव्हत्या. काढून टाकल्या होत्या, आणि मागे राहिलेल्या खाचा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर म्हातारा झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख कोरायचा. तशी ती होती. एकोणीस वर्षांपूर्वीची, चोरी उघडकीला आली त्याच दिवसाची.

कुलूपवाल्याने तारखेवरून अंगठा फिरवला. फारच बिघडलं असेल तर नवं बसवून टाका, पाळक म्हणाला.

"बिघडलेलं नाही," कुलूपवाला खेकसला. त्याने झाकण होतं तसं लावलं, एकेक स्क्रू आवळला. "आणि नवं मी बसवणार नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलंत, तर त्याचाही हात धरीन."

पाळकाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. आपल्याला आता एका आजाऱ्याला भेटायला निघायचंय, एवढंच म्हणाला.

"जा की. कुलूप लावून जा. मी घरून एक वस्तू घेऊन येतो, ती आत ठेवायची आहे."

"मग ही किल्ली असू द्या."

"कशाला?" कुलूपवाला पायऱ्या उतरत म्हणाला. "माझ्या घराची आहे ना."