नऊपैकी दोन

साळूबाईंनी चमचाभर आइस्क्रीम जिभेवर ठेवलं, थोडा वेळ तोंडात घोळवलं आणि दोन बोटं वर केली. नऊपैकी दोन.

मोनिकाने वहीत कपाचा नंबर आणि गुण लिहिले : ६५२, दोन. वरच्या दहा ओळींतही दोनच होते.

"अजून एक चमचा, आई."

"नको. छबूला दे. बसलीच आसंल ती वट्ट्यावर टपून."

"निदान अर्धा कप तरी."

"आइस्क्रीमला मोटारसायकलीवानी नंबर दिल्यावर पोटात जाईल व्हय गं ते?" साळूबाई हसल्या. हसतानाही तोंड पुरतं उघडत नव्हतं.

आयुष्यभर मिश्री लावली, आणि गेल्या वर्षी गालात आतून गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे तीस शेक झाले. गाठ गेली, पण साळूबाईंचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, शेकानंतर चव जाते. कुणाची परत येते, कुणाची येत नाही. थंड, मऊ, दुधातुपाचं काही द्या. आता छत्तीस किलो वजन आहे. आणखी दोन किलो उतरलं, तर नाकातून नळी घालावी लागेल.

मोनिका नगरला एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत होती. चव शोधायची कशी, हे तिचं रोजचंच काम होतं. दर रविवारी सकाळी ती बर्फ आणि मीठ भरलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने देवळालीला यायची. व्हॅनिला आणि आंबा तिने पहिल्याच दिवशी बाद केले. आईची जीभ ज्यांच्यावर पोसली, त्या चवी हव्यात, असं तिने ठरवलं. मग हुरडा दुधात वाटून झाला. बाजरी भाजून झाली. कढीपत्ता झाला, कारळे झाले. भाजलेल्या लसणाच्या कपाला तर ओंकारने, तिच्या धाकट्या भावाने, लांबूनच हात जोडले. आंबट आणि तिखट तोंडाला झोंबतं, म्हणून तिने ते टाळलं. एखादा कणही जखमेला टोचू नये, म्हणून प्रत्येक मिश्रण ती दोनदा गाळायची. गारव्यात गोडी कमी लागते, म्हणून साखर मोजून वाढवायची. आणि कपावर फक्त तीन आकडी नंबर. नाव कळलं की माणूस जिभेने नाही, आठवणीने चाखतो. प्रयोगशाळेत हे तिने कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं.

अकरा चवी झाल्या. बारावी तिला सुचत नव्हती.

उरलेला कप घेऊन ती बाहेर आली. शेजारच्या छबूबाई खरंच ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि मिटक्या मारल्या.

"लई झ्याक हाय गं. कशाचं म्हनायचं हे?"

"ओळखा."

"मला कुठली एवढी अक्कल! तुज्या आईला इचार. गेल्या ऐतवारी तिनंच सांगितलं न्हवं का, कारळ्याचं हाय म्हून. वर म्हनली, भाजताना पोरीचा हात जरा जड झालाय."

मोनिका जागीच थांबली. कारळे त्या दिवशी खरंच करपले होते. अर्धा मिनिट, फार तर. फोन आला होता म्हणून. ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती धावतच आत गेली आणि खाटेजवळ उकिडवी बसली.

"आई, आजचं कशाचं होतं?"

साळूबाईंनी तोंड फिरवलं.

"आई, सांग ना."

"काकवी हाय. अन् बडीशेप. कशाला इचारती?"

मोनिकाला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. "चव येते तुला! कधीपासून?"

"झालं की अडीच-तीन महिनं."

"मग नऊपैकी दोन कशाला? अगं, मी रात्रंदिवस..."

"हुरडा तर लई गोड झालता," साळूबाई म्हणाल्या. "वाटीभर आनखी खावा वाटला. न्हाई खाल्ला."

"पण का?"

साळूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "ओंकार कुठं हाय?"

"गोठ्यात. धार काढतोय."

गोठ्यातून बादलीचा आवाज आला, तेव्हा कुठे त्यांनी मोनिकाचं मनगट धरलं आणि तिला तोंडाजवळ ओढलं. त्या हाताला वजन असं नव्हतंच.

"खाल्लं की परसाकडं जावं लागतं. पाय धरत न्हाईत माजे. घरात त्याच्याबिगर हाय कोन?"

"आई, मग मी बाई ठेवते. मी रजा टाकते. आत्ता फोन..."

"ऐक." त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की मोनिकाला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला. "तिशीचं पोरगं हाय गं. आईचं लुगडं सोडतंय, धुतंय, परत नेसवतंय. अन् मला लाज वाटू नये म्हून समदं डोळं मिटून करतंय."