खोक्यातला काळोख

मुलांनो, घट्ट डोळे मिटा. दिसतोय तो मिट्ट काळोख? तसाच काळोख एका खोक्यात हवा होता. आजोबांनी त्यात व्हायोलाच्या फुलांचं खसखशीएवढं बी पेरून पुठ्ठ्याने झाकलं होतं. आजीने जाण्याआधी वेचून ठेवलेलं ते शेवटचं बी. पंधरवड्याने आजोबांनी पुठ्ठा उचलला. कोंब एकही नव्हता. आत नातीची बॅटरी मात्र लखलखत होती. “चिमणे, बियांना अभ्यासाला बसवलंस का?” “मी रोज लावते, आजोबा. त्यांना अंधाराची भीती वाटेल ना!” “वेडाबाई, हे बी अंधारातच रुजतं. उजेड दिसला की रुसतं.” तिचे डोळे भरले. “आजीचं बी मेलं? माझ्यामुळे?” “मरतंय कसलं! आजीसारखंच हट्टी आहे, समजूत काढली की ऐकेल.” नातीने बॅटरी विझवली. पुठ्ठा झाकून त्याला ओठ टेकवून ती कुजबुजली, “घाबरू नका हं, मी बाहेरच आहे.”