दोघांसाठी एक अ‍ॅप

“याच्यात अक्षर मस्त उमटते,” टॅबवर पेन टेकवत वर्षाराणी म्हणाली. “अन् लिहिलेला शब्द मांगून शोधताबी येते.”

“पन दोन टॅबवर उघडत नाही ते,” शिवम म्हणाला. “हे दुसरं घे. तू इथं खूण केली का मले तिकडे शेलूबाजारले दिसते.”

कारंज्याच्या अभ्यासिकेच्या ओट्यावर दोघे बसले होते. त्यांचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नुकतेच झाले होते. सासरकडून साडीच्या ताटात टॅब आला, तेव्हा मांडवातल्या बायांनी माना उंचावून पाहिले होते. लग्नानंतरही पोरीला शिकू देऊ, असे नुसते म्हणणारे पुष्कळ असतात. या लोकांनी करून दाखवले. वर्षाराणीचीही एकच अट होती. लग्न करीन, पण स्पर्धा परीक्षा देत राहीन. शिवमने ती हसत मान्य केली होती.

गेल्या वर्षी ती पूर्वपरीक्षा पास झाली आणि मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकली. शिवमचे गाडे दोनदा पूर्वपरीक्षेतच अडले होते. पण हेवा कसला तो नाही. “हिच्यासारख्या नोट्स साऱ्या कारंज्यात कोनाच्या नाहीत,” असे तो चारचौघांत सांगायचा. वर्षाराणी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसली होती आणि खाली उतरायची तिला मुळीच घाई नव्हती. का असावी? तिच्या नोट्सच्या झेरॉक्स सगळ्यांनी नेल्या, कौतुक मात्र यानेच केले.

तिने दुसरे अ‍ॅप घेतले. राज्यघटनेची पीडीएफ उघडली. एका कलमावर पिवळी रेघ ओढून कडेला बारीक अक्षरात टीप लिहिली. शिवमच्या टॅबवर ती लगेच उमटली. दोघेही हसले. संसार असाच असावा, असे तिला वाटले आणि उगीचच तिचे डोळे भरून आले.

“आता फॉर्म भरून टाकू,” ती म्हणाली. “दोघाईचेबी.”

“माहा भरला.”

“अन् माहा?”

लहान मुलाला समजवावे तसा शिवम हळू बोलला.

“तुहा कायले? एका घरात दोघंबी परीक्षा देत बसले, त सयपाक कोन करन? तू वाच, खुना कर. पेपर मी देतो. म्हनूनच त टॅब देल्ला तुले.”